अम्माचे मस्टर

आमच्यातली धाकटी बारामतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गात एका उताऱ्यात 'मस्टर' हा शब्द आला, तोही क्रियापद म्हणून. उताऱ्यातली मुलगी अंधारात एकटी घरी निघते आणि निघण्याआधी धैर्य 'मस्टर' करते. धाकटीने फळ्यावर अर्थ लिहिला : गोळा करणे, एकवटणे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील साखर कारखान्यात कामाला आहेत. तो म्हणाला, "मॅडम, मस्टर म्हणजे हजेरीचं पुस्तक. पप्पांचा खाडा त्यातच पडतो. मग धैर्याचा खाडा कसा मांडायचा?"

वर्ग हसला, धाकटीही हसली. पण पोराचे म्हणणे चुकीचे नव्हते. आपल्याकडे मस्टर हे क्रियापद नाहीच. ते पुस्तक आहे, लांब-रुंद, आडव्या-उभ्या रेघांचे, आणि त्यात नाव असले तर पगार आणि नसले तर काही नाही.

आम्ही तिघे भावंडे महिन्यातून एक-दोन रविवार इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी अम्माकडे जमतो. थोरला निवृत्त झाला आहे, मधली इंदापुरात दिलेली, धाकटी बारामतीहून एस.टी.ने येते. त्या रविवारी जेवताना धाकटीने हा किस्सा सांगितला. अम्माला हल्ली ऐकू कमी येते, ऐंशी उलटून गेली आहेत, नातवंडांची नावे एकमेकांत मिसळतात. पण 'मस्टर' एवढा शब्द तिने बरोबर पकडला.

"मस्टर? मी होते ना मस्टरवर. तुझी चाची पण होती."

हे आम्हाला माहीत होते, पण माहीत असणे आणि विचारणे यांत फरक असतो. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा नीट विचारले.

बारामती-इंदापूर म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस, द्राक्षे, कारखान्याची धुराडी येतात. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात वाहू लागला आणि त्याच्या काठची जमीन बागायत झाली, हे खरेच. पण कालव्याच्या वरच्या अंगाला जो भाग राहिला तो जिरायतच राहिला. आणि कालव्याला शेपूटही असते. आमचे गाव त्या शेपटाकडचे. कागदावर भिजणारे, प्रत्यक्षात आभाळाकडे बघणारे. उजनी धरण तेव्हा झाले नव्हते.

आमचे घर आतारांचे. अब्बा सायकलला पेटी बांधून आठवडी बाजार करायचे : कुंकू, बुक्का, मणी, सुया, फण्या, काळी पोत, आणि थोडे अत्तर. आमच्या घरचे कुंकू पंचक्रोशीतल्या बायकांच्या कपाळावर होते, हे अब्बा मोठ्या अभिमानाने सांगत. १९७२ साली सलग तिसऱ्या वर्षी पाऊस रुसला, तेव्हा बाजारात लोक धान्याची विचारपूस करायचे, मणी-पोत कोण घेणार! पेटी जशी भरून जायची तशी भरून परत यायची.

त्या वर्षी रमजान ऑक्टोबरात लागला. दुष्काळी कामे निघू लागली होती. आमच्या बाजूला रस्त्याचे काम आणि खडी फोडायचे काम निघाले. लोक म्हणायचे, "मस्टर निघालं." मग, "तिचं नाव मस्टरवर लागलं", "औंदा दोन मस्टरं झाली", "मस्टर संपलं". म्हणजे एका पंधरवड्याचे काम हेही मस्टर, आणि ते पुस्तक हेही मस्टर, आणि जिथे खडी फोडायची ती जागाही मस्टरच. इंग्रजी शब्द आपल्या माणसांनी असा पिळून पिळून वापरला आहे की त्याच्या मूळ मालकाला ओळखू येऊ नये.

अब्बांना ते पटत नव्हते. आतारांच्या बायका रस्त्यावर बसून खडी फोडणार? घरात दोन दिवस बोलणे बंद होते. शेवटी दादी पिठाचा डबा उचलून अब्बांच्या पुढ्यात आणून ठेवला, उघडा, आणि म्हणाली, "अब बोल." अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी अम्मा आणि चाची, दोघी जावा, डोईवरचा पदर घट्ट आवळून कामावर गेल्या. रोजे सोडले नाहीत. अम्मा सांगते, पहिल्या दिवशी हातोडी दगडावर कमी आणि बोटांवर जास्त बसली.

तिथे गेल्यावर त्यांना कळले की लाजायचे कारण नव्हते. माळणी होत्या, धनगरणी होत्या, बौद्ध वस्तीतल्या बाया होत्या, आणि पदर नाकापर्यंत ओढून पाटलांच्या घरच्या सुनाही होत्या. ज्या घरांचा उंबरा एरवी एकमेकींनी ओलांडला नसता, त्या घरच्या बाया एका ओळीत बसून एकाच ढिगातले दगड फोडत होत्या. खडी ब्रासवर मोजली जायची, शंभर घनफुटांचा एक ब्रास. मिलो नावाची लाल अमेरिकन ज्वारी तेव्हा मिळे. तिच्या भाकरीची चव अम्माला अजून सांगवत नाही. पुढे कामावर सुकडी वाटू लागले, ती ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. थोरल्याला त्या सुकडीचा वास आजही आठवतो. मधली तेव्हा तान्ही होती आणि धाकटीचा जन्म नंतरचा, त्यामुळे सुकडीच्या बाबतीत घरात थोरल्याचाच शब्द शेवटचा.

मे १९७३पर्यंत राज्यात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. पन्नास लाख नावे, आणि प्रत्येक नावापुढे रोजची एक खूण. एवढी मस्टरे कोणी भरली असतील, किती दौती शाई लागली असेल, असे आम्हाला वाटून जाते.

बारामतीला परतल्यावर धाकटीने शब्दाचा माग काढला. शिक्षकी खोड. शाळेच्या कपाटातला जाडा शब्दकोश काढून तिने बघितले आणि पुढच्या रविवारी आम्हाला सांगितले. ते असे.

लॅटिन भाषेत 'मोनेरे' म्हणजे इशारा देणे, आठवण करून देणे. त्यापासून 'मॉन्स्ट्रुम' : आकाशातून आलेला इशारा, अपशकुन, विपरीत गोष्ट. त्यापासून 'मॉन्स्ट्रारे' म्हणजे दाखवणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'मोस्त्रेर' झाले, आणि तिथून इंग्रजीत 'मस्टर'. इंग्रजीतही त्याचा अर्थ सुरुवातीला दाखवणे, दिसणे असाच होता. मग तो सैन्याकडे गेला. सरदाराने माणसे, घोडे, हत्यारे एका मैदानात आणून राजाच्या माणसाला दाखवायची, ते मस्टर. दाखवायचे तर आधी गोळा करावे लागते, म्हणून हळूहळू दाखवणे मागे पडले आणि गोळा करणे उरले. ऑस्ट्रेलियात आजही माळावर पांगलेली मेंढरे-गुरे हाकून एकत्र आणण्याला मस्टर करणे म्हणतात. आमच्या तालुक्यातल्या धनगरांना हे सांगितले तर ते म्हणतील, मग आम्ही रोजच मस्टर करतो की.

त्याच 'मोनेरे'ची आणखी लेकरे आपल्या घरात आहेत. वर्गातला मॉनिटर, म्हणजे इशारा देणारा. कोर्टाचे समन्स. आणि पोरांच्या कार्टूनमधला मॉन्स्टर. धाकटीने वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या त्या मुलाने लगेच निष्कर्ष काढला की मॉनिटर आणि मॉन्स्टर सख्खे भाऊ आहेत, आणि वर्गाच्या मॉनिटरने तक्रार केली.

इंग्रजी अमदानीत पलटण, रेल्वे, बांधकाम खाते, गिरणी, जिथे जिथे माणसे मोजून पगार द्यायचा तिथे तिथे मस्टर आले. आणि मस्टरबरोबर त्याची लबाडीही आली. तीही जुनीच. इंग्लंडात कप्तान मेलेल्या शिपायांची नावे यादीत ठेवून त्यांचा पगार उचलत. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या दुसऱ्या भागात फॉल्स्टाफ नावाचा लठ्ठ, लबाड सरदार गावात शिपाई भरती करायला येतो. तिथे एका फाटक्या माणसाचे नावच 'शॅडो', सावली असे आहे, आणि त्यावरून मस्टरात भरलेल्या सावल्यांची थट्टा होते. रोजगार हमीवरच्या 'बोगस मस्टर'च्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना ही थट्टा समजावून सांगायला नको.

आपल्याकडच्या बादशहांनाही ही दुखणी होती. घोडा एकाचा दाखवायचा आणि पगार दहांचा घ्यायचा, म्हणून अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली. पुढे शेरशाहने आणि अकबराने ती पुन्हा कडक केली, आणि शिपायाचा 'चेहरा' लिहून ठेवला जाई : रंग, नाक, भुवया, अंगावरचा तीळ. मराठीतली चेहरेपट्टी त्याच दफ्तरी वळणाची.

हे सगळे धाकटी अम्माला ओरडून ओरडून सांगत होती, की मस्टर म्हणजे खरे तर दाखवणे. अम्माने ऐकून घेतले आणि म्हणाली, "दाखवायचंच तर होतं. दोघींना उभं राहून दाखवावं लागलं."

आणि मग तिने ती गोष्ट सांगितली. थोरल्याला तिचा एक तुकडा माहीत होता, बाकी आम्हाला कोणालाच नाही.

कामावरच्या कारकुनाला मुसलमान बायकांची नावे जड जायची. अम्माच्या नावातले एक अक्षर त्याच्या जिभेवर बसेना, चाचीचे नाव तर आणखी लांब. त्याने दोघींची नावे विचारली, एकदा लिहून बघितले, खोडले, आणि मग सोपे केले. एका ओळीत लिहिले 'आतार बाई'. तिच्या खालच्या ओळीतही लिहिले 'आतार बाई'. गाव एक, आडनाव एक, घर एक. हाका मारताना तो म्हणायचा, "आतारबाई." अम्मा म्हणायची, "हजर." तो पुन्हा म्हणायचा, "आतारबाई." चाची म्हणायची, "हजर." कोणाला काही खटकले नाही.

पंधरवडा भरला, मस्टर तपासायला वर गेले. तिथे कोणीतरी ते काळजीपूर्वक तपासले. एकच नाव दोनदा आलेले दिसले. बोगस नावे शोधून काढायचा हुकूम होताच. त्याने खालच्या ओळीवर लाल रेघ ओढली.

पगारवाटपाच्या दिवशी टेबल मांडले गेले, शाईचा पॅड ठेवला गेला. 'आतार बाई' एकदाच पुकारले. दोघी पुढे झाल्या. वाटप करणारा म्हणाला, एकच आहे. अम्मा म्हणाली, साहेब, आम्ही दोघी आहोत. तो म्हणाला, कागदावर एकच आहे.

वाचकहो, त्या माणसाला आम्ही दुष्ट म्हणणार नाही. लाल रेघ ओढणाऱ्यालाही नाही. त्याने सावली खोडली असे त्याला वाटले. ती बाई होती आणि तिने चौदा दिवस खडी फोडली होती, हे कागदावर कुठेच दिसत नव्हते.

यादीत पहिले नाव बौद्ध वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईचे होते. सगळ्या तिला आजी म्हणायच्या. तिचा अंगठा शाईत बुडालेला होता, फक्त कागदावर टेकायचा राहिला होता. तिने तो टेकवला नाही. तसाच वर धरला आणि म्हणाली, "ह्या दोघी दोन हायत. मोजा."

मग धनगरीण बाया पुढे आल्या. मग माळणी. पाटलांच्या एका सुनेने डोईवरचा पदर मागे सारला, त्या दिवशी पहिल्यांदा, आणि मुकादमाकडे बोट करून म्हणाली, ह्याला विचारा. मुकादम खरे बोलला. तो म्हणाला, दोघी आहेत, दोघींचे ढीग मी वेगळे मोजले आहेत. अर्धा तास एकीनेही अंगठा दिला नाही. चाळीसेक बाया टेबलाभोवती नुसत्या उभ्या. आरडाओरडा नाही, काही नाही. अम्मा म्हणते, शाई अंगठ्यावर वाळून गेली.

हे वाचून कोणाला वाटेल की शेवटी चाचीला पगार मिळाला. नाही मिळाला. खोडलेली ओळ तिथे उभ्या माणसाला पुन्हा लिहिता येत नव्हती, आणि ज्याला येत होती तो तिथे नव्हता. अर्ज करा म्हणाले. अर्ज अब्बांनी केला, त्याचे पुढे काही झाले नाही. अम्माने आपला पगार घरी आणून दादीसमोर ठेवला आणि दोन भाग केले. पण पुढच्या मस्टरात कारकुनाने दोघींची नावे पूर्ण लिहिली, बापाच्या-नवऱ्याच्या नावांसकट. अम्माचे नाव त्याने तरीही चुकवलेच, एका वेलांटीने. आजीने त्याला ते सगळ्यांसमोर तीनदा वाचायला लावले.

"तेव्हापासून तो माझं नाव नीट घ्यायचा," अम्मा म्हणाली. "तुझे अब्बाही तेवढं नीट नाही घ्यायचे."

दुष्काळ सरल्यावर मस्टर संपले नाही. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळाले पाहिजे हा त्यांचा धोशा. सांगली जिल्ह्यात तासगावकडे त्यांनी तो आधी करून पाहिला होता. दुष्काळाच्या काळात राज्याने तो उचलला, १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा म्हणून १९७५मध्ये पगारदारांवर व्यवसाय कर बसला होता. धाकटीने नोकरीत लागल्यावर पहिल्या पगारपत्रकात ती कपात बघून कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आता तिला ते सांगितले तर म्हणते, म्हणजे अम्माचे मस्टर माझ्या पगारातून चालले. हिशेबात काही वर्षांची गडबड आहे, पण आम्ही ती दुरुस्त केली नाही.

आता थोडे आपल्या शब्दांविषयी. गोळा होणे याला मराठीत जे शब्द आहेत त्यांतले कितीतरी अरबी 'जमा'चे आहेत : जमाव, जमात, जमाखर्च, जमाबंदी. जुमा आणि जामा मशीद तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचेच. आणि मस्टरला प्रतिशब्द म्हणून जी हजेरी आपण वापरतो ती 'हाजिर'ची. हजर, गैरहजर, हुजूर, हजरत, सगळे एकाच मुळाचे. पेशवाईतल्या निवाड्यांत 'महजर' नावाचा कागद असे, गावकरी, वतनदार यांच्या समक्ष झालेला; तोही हाजिर या शब्दाचाच नातलग. आजीने अंगठा वर धरून टेबलाभोवती जे केले ते आमच्या मते महजरच होते, फक्त त्याचा कागद झाला नाही.

इंग्रजी शब्द म्हणतो, ये आणि दाखव. आपला शब्द म्हणतो, मी आहे. हजला जाणारे 'लब्बैक' म्हणत निघतात, त्यातही हेच आहे : हाजिर आहे. शाळेत मुले हात वर करून 'हजर' म्हणतात तेव्हा त्यांना माहीत नसते की ती किती जुने उत्तर देत आहेत. आणि जमातीच्या नमाजेत तर हजेरी घेणारा कोणी नाही. जो आला तो सफेत उभा राहिला, उशिरा आला तो मागच्या सफेत. नाव कोणी विचारत नाही. अब्बांना हे फार आवडायचे. बाजारात उधारीची वही सांभाळून कंटाळलेला माणूस. म्हणायचे, एवढी एकच जागा आहे जिथे वही नाही.

पण वहीशिवाय भूक भागवता येत नाही, हेही आपल्याच इतिहासात आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत हिजरी १८मध्ये हिजाजमध्ये मोठा दुष्काळ पडला. वाऱ्याने राखेसारखी माती उडायची म्हणून त्या सालाला 'आमुर्रमादा', राखेचे साल म्हणतात. वाळवंटातली माणसे मदीनेत येऊन पडली. रिवायतींमध्ये येते की हजरत उमर (रजि.) यांनी जेवणाऱ्यांची मोजदाद करवली, आणि लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप खाल्ले नाही. त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी 'दीवान' सुरू केला : वजिफा मिळणाऱ्यांच्या नावांची नोंदवही. नावे लिहिताना सुरुवात आपल्यापासून नाही तर प्रेषित (स.) यांच्या नातलगांपासून केली.

त्या वहीचीच एक गोष्ट आपल्या घरांत सांगतात. वजिफा दूध सुटलेल्या मुलांनाच मिळत असे. एका रात्री गस्त घालताना हजरत उमर (रजि.) यांना एक तान्हे मूल रडताना ऐकू आले. आईला विचारले, तर ती म्हणाली, उमर दूध पिणाऱ्यांचे नाव लिहीत नाही, म्हणून लवकर तोडते आहे. तिला माहीत नव्हते आपण कोणाशी बोलतो आहोत. दुसऱ्या दिवसापासून मूल जन्मताच त्याचे नाव वहीत जाऊ लागले. वहीचा नियम बरोबर होता, हिशेब चोख होता, आणि तरी बाळ उपाशी होते. ते रडणे ऐकायला रात्री कोणीतरी चालत जावे लागले. आमच्या अम्माच्या बाबतीत ते काम एका आजीने केले, जिने हजरत उमर (रजि.) यांचे नावही ऐकले नसेल.

जाता जाता : त्या 'दीवान'चेच आपले दिवाण, दिवाणी कोर्ट आणि दिवाणखाना. आणि अम्मा ज्यावर पाय वर घेऊन बसते, ज्याच्या पोटात गोधड्या आणि जुनी भांडी कोंबलेली असतात, तोही दिवाणच. शब्द किती लांबून येतात आणि कुठे येऊन बसतात!

आता अम्माचा अंगठा लागत नाही. रेशन दुकानातल्या यंत्रावर ती अंगठा ठेवते, यंत्र नाही म्हणते. पुसून ठेवते, दुसरे बोट ठेवते, तरी नाही. रेषा खडीने घासल्या की वयाने, देव जाणे. दुकानदार ओळखीचा आहे, त्याच्या लहानपणी अम्माने त्याला लिमलेटच्या गोळ्या दिल्या आहेत. तो म्हणतो, "अम्मा, मला माहीत आहे तुम्ही कोण, पण मशीनला माहीत नाही." मग थोरल्याला यावे लागते. आधारवर तिचे नाव एक आहे, मतदार यादीत एका अक्षराने वेगळे, आणि रेशनकार्डावर त्या कारकुनाची ती वेलांटी आहे तशी आहे. तिथे ती कशी पोचली, कळत नाही.

मधलीच्या शेजारची एक बाई रोजगार हमीच्या कामावर जाते. तिला मस्टरवर अंगठा द्यावा लागत नाही. जानेवारी २०२३पासून केंद्राच्या योजनेत कामावरची हजेरी मोबाईलवर घ्यायचा नियम झाला, दिवसातून दोनदा फोटो. रेंज नसली की सगळ्या बाया टेकाडावर चढून उभ्या राहतात. म्हणजे मस्टर पुन्हा आपल्या मूळ अर्थाला आले, दाखवायला. आणि अकबराचा चेहराही परत आला. फोटोत दोन जावा वेगळ्या दिसतील, एवढे बरे म्हणायचे. दिसल्या नाहीत तर मोबाईलपुढे अंगठा वर धरून काय उपयोग, असा प्रश्न मधलीने विचारला. आम्हाला उत्तर सुचले नाही.

गेल्या दोन महिन्यांपासून आम्ही एक वही केली आहे. झाले असे, की त्या दिवशी गोष्ट सांगता सांगता अम्माने मस्टरची नावे म्हणायला सुरुवात केली, कारकून ज्या क्रमाने पुकारायचा त्याच क्रमाने. नातवाला हाक मारताना चार नावांवरून घसरणारी अम्मा बावीस नावे एका दमात म्हणून गेली. धाकटीने घाईघाईने पेन घेतले. पहिली आजी, मग तिची सून, मग मळ्यातल्या तिघी. त्यांतल्या बहुतेक जणी आता नाहीत. चाची जाऊनही नऊ वर्षे झाली.

अम्माला थांबवले की क्रम मोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते, म्हणून लिहिणारीने नुसते लिहायचे, विचारायचे नाही. दर रविवारी दोन-तीन नावांची भर पडते. आतापर्यंत सदतीस झाली आहेत. अम्माचे म्हणणे, चाळीसच्या वर होत्या. टेकडीपलीकडून येणाऱ्या दोघी मायलेकी राहिल्या आहेत, आणि एक भिगवणकडची, जी मध्येच काम सोडून गेली. तिचे नाव ओठांवर येते आणि परत जाते. ओळ कोरी सोडून ठेवली आहे.